शहाण्णवची बॅच

मंडळी, बरेच दिवस काही लिहिलं नाही. आजारी नव्हतो, गावालाही गेलो नव्हतो. गेले तीन आठवडे मी काळ्या खिडकीसमोर बसून होतो. काळी खिडकी म्हणजे कमांड प्रॉम्प्ट. संगणकावरची ती काळी चौकट, जिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती एक पांढरी रेघ लुकलुकत असते. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे काय खूळ, असं सौ. रोज विचारत होती. तिला तोंडी सांगून झालंय, तुम्हाला लिहून सांगतो.

तर झालं असं. उन्हाळ्यात एका दुपारी फोन आला. सोलापूरची मेची दुपार तुम्हाला माहीत आहे, पंखासुद्धा गरम वारा फेकतो. पलीकडून आवाज आला, "सर, ओळखलंत का? मी श्रीनिवास. शहाण्णवची बॅच."

आडनाव मुद्दाम लिहीत नाही. पूर्व भागातला मुलगा, घरी तेलुगू. वडील जकार्डच्या मागावर चादरी विणायचे, आई विड्या वळायची. आमच्या शाळेत अशी मुलं वर्गात निम्म्याहून जास्त असायची. हा आता पुण्यात नोकरीला आहे. गेल्या वर्षी त्याचे वडील वारले आणि तीन आठवड्यांवर वर्षश्राद्ध आलं होतं. भिंतीवर लावायला वडिलांचा धड फोटो घरात नाही. आहे तो आधार कार्डावरचा, आणि त्यात कुणीच स्वतःसारखं दिसत नाही.

"सर, दहावीच्या गॅदरिंगला मला बक्षीस मिळालं होतं. वडिलांना स्टेजवर बोलावलं होतं. चित्रकलेच्या सरांनी फोटो काढला होता. तुमच्याकडे असेल का?"

मी म्हटलं, "असेल. बघतो."

हा शब्द किती सहज निघून गेला तोंडातून!

आता माझ्याकडे फोटो कसे आले ते सांगायला हवं. आमचे चित्रकलेचे सर हौसेने कॅमेरा बाळगायचे. गॅदरिंग, सहल, पंधरा ऑगस्ट, सगळ्याचे फोटो काढायचे. पालकांनी कॉपी मागितली की ती एका लिफाफ्यात घालायची आणि वर नाव लिहायचं, ही त्यांची पद्धत. सर गेल्यावर ती लिफाफ्यांची ट्रंक त्यांच्या घरच्यांनी माझ्याकडे दिली. मी २००९ साली निवृत्त झालो होतो, वेळच वेळ होता. एक स्कॅनर आणला, गल्लीतली चार-पाच मुलं सुट्टीत हाताशी धरली आणि सगळं संगणकावर चढवलं. एका लिफाफ्याला एक फोल्डर. साडेचारशेच्या वर फोल्डर झाले. ट्रंक घरच्यांना परत दिली.

तेव्हा मराठी टायपिंग म्हणजे अजून कटकट होती. माझं बरहावर जमायचं, पण मुलांना नको वाटायचं. त्यांनी लिफाफ्यावरचं मराठी नाव वाचायचं आणि इंग्रजी अक्षरांत जसं येईल तसं फोल्डरला द्यायचं, असं ठरलं. 'जसं येईल तसं' याचा अर्थ मला आत्ता कळला!

शिवाय मी भित्रा माणूस. एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर, काही पेन ड्राइव्हवर. मग त्या प्रतींच्या प्रती. 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर दोन', त्याच्या आत 'जुने', त्याच्या आत परत 'न्यू फोल्डर'. आमच्या माळ्यावर जसं सामान आहे तसंच.

दोन दिवस डोळ्यांनी शोधलं. विंडोजच्या शोधायच्या चौकटीत नाव टाकलं, तर कधी काहीच नाही, कधी फोटो, गाणी, पेन्शनचे कागद, सगळं एकत्र. शेवटी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, काळी खिडकी उघडा. एकच ओळ सांगतो."

ती ओळ होती डीआयआर या आज्ञेची. डीआयआर म्हणजे डिरेक्टरी, थोडक्यात 'आत काय काय आहे ते सांग'. तिच्यापुढे तिरप्या रेघा देऊन अटी घालायच्या. स्लॅश एस म्हणजे आतल्या आतल्या सगळ्या फोल्डरांत जा. स्लॅश एडी म्हणजे फायली नकोत, फक्त फोल्डर सांग. स्लॅश बी म्हणजे तारीख-वार, आकार वगैरे पाल्हाळ नको, नुसता पूर्ण पत्ता दे. आणि शेवटी नाव. एंटर मारलं की दोन-चार सेकंदांत यादी समोर. मी आयुष्यभर हजेऱ्या घेतल्या, इतकी झटपट कधी घेतली नाही.

पण नाव कोणतं? 'श्रीनिवास' आपण मराठीत एकाच तऱ्हेने लिहितो. इंग्रजीत बघा. 'एस'नंतर 'एच' कुणी घालतं, कुणी नाही. 'आय' कुणी एक, तर कुणी दोन 'ई'. शेवटी 'व्ही' की 'डब्ल्यू'? आमच्या पोरांनी हे सगळे प्रकार मनसोक्त केले होते. तीस-पस्तीस वर्षं मराठी शिकवताना मी ऱ्हस्व-दीर्घाला अर्धा अर्धा गुण कापला. आता तीच काटेकोर छडी संगणक माझ्यावर उगारत होता. एक अक्षर चुकलं की 'फाइल नॉट फाउंड'.

यावर उपाय आहे. ताऱ्याची खूण म्हणजे 'इथे काहीही असो, कितीही अक्षरं असोत'. प्रश्नचिन्ह म्हणजे 'इथे कुठलंही एक अक्षर'. 'एस', मग तारा, मग 'एन आय', मग प्रश्नचिन्ह, मग 'ए एस' असं दिलं की 'व्ही'वालेही आले आणि 'डब्ल्यू'वालेही आले. काही पोरांनी नुसतं 'वासू' लिहिलं असेल म्हणून तेही घेतलं. अशी नऊ रूपं झाली. नऊ रूपं, तीन डिस्का. प्रत्येक वेळी ओळ टाइप करायची, यादी बघायची, एकेक फोल्डर उघडायचा. बोटं दुखायला लागली.

भाचा म्हणाला, "मामा, आता बॅच फाइल करा."

बॅच! आम्हा मास्तरांचा आवडता शब्द. चौऱ्याऐंशीची बॅच, शहाण्णवची बॅच. पण ही बॅच वेगळी. एरवी हाताने टाइप करायच्या आज्ञा नोटपॅडमध्ये एकाखाली एक लिहायच्या आणि फाइल 'डॉट बॅट' या शेपटाने साठवायची. मग फायलीचं नाव घेतलं की संगणक वरून खाली एकेक ओळ वाचतो आणि करत सुटतो. नाव जुन्या काळातलं आहे. पूर्वी कार्यक्रम लिहायचे म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडायची. कार्डांचे गठ्ठे यंत्र चालवणाऱ्याकडे द्यायचे, तो ते एकामागून एक चालवायचा. तो गठ्ठा म्हणजे बॅच.

आणि भोकं पाडलेली कार्डं म्हटल्यावर सोलापूरच्या माणसाला संगणक आठवत नाही, चादर आठवते. फ्रान्समधल्या लियॉंच्या जोसेफ मारी जकार्डने १८०४ साली आपल्या मागासाठी ती वापरली. एक कार्ड म्हणजे एका आडव्या धाग्याची आज्ञा. भोक असेल तिथला उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. कार्डं एकमेकांना शिवून त्यांची माळ करायची. माळ फिरते तसतशी नक्षी उमटते, माळ संपली की परत पहिल्यापासून. इंग्लंडच्या बॅबेजने १८३०च्या दशकात आपल्या गणितयंत्राच्या आराखड्यात ही कल्पना घेतली. पुढे १८९० साली अमेरिकेच्या जनगणनेत होलेरिथने भोकांच्या कार्डांवरच माणसं मोजली. आपल्या चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्यावरची नक्षी याच जकार्डची. म्हणजे बघा, श्रीनिवासचे वडील ज्या मागापुढे उभे राहायचे, त्याचीच पणती माझ्या टेबलावर त्यांचा फोटो शोधत होती.

मी एकदा शाळेची मुलं घेऊन कारखाना बघायला गेलो होतो, तेव्हा एक विणकर म्हणाला होता, कार्डात एक भोक चुकलं की चूक एका जागी राहत नाही, प्रत्येक चादरीत त्याच जागी येते. हे बॅच फायलीलाही लागू आहे. माझंच उदाहरण देतो.

पहिली फाइल मी अशी केली. नावांची नऊ रूपं एका वेगळ्या फायलीत लिहिली, एका ओळीवर एक. बॅच फायलीला सांगितलं की ती यादी उघड, एकेक रूप घे, त्याने फोल्डर शोध आणि जे सापडतील त्यांची एक्सकॉपी या आज्ञेने 'सापडले' नावाच्या फोल्डरात प्रत कर. एंटर मारला. ओळी भराभरा सरकल्या. मी खूष! 'सापडले' उघडलं तर आत फक्त छत्तीस फोटो. चौदा फोल्डर सापडले होते, छत्तीस कसे?

कारण ऐका. स्कॅनर प्रत्येक लिफाफ्यात पहिल्यापासून आकडा घालायचा. म्हणजे प्रत्येक फोल्डरात 'स्कॅन एक', 'स्कॅन दोन' आहेतच. चौदा वर्गांतले सगळे रोल नंबर एक मी एकाच बाकावर पाठवले होते! दुसरा आला, पहिल्याला पुसून बसला. एक्सकॉपी एरवी 'आधीची फाइल पुसू का?' असं विचारते, पण मी लावला होता तसा स्लॅश वाय लावला की न विचारता पुसते. नशीब, मूळ फोल्डरांना धक्का लागला नव्हता. ही प्रत होती, 'हलव' नव्हतं. ज्यांना हे करायचंय त्यांनी एवढं एक वाक्य तरी लक्षात ठेवा: आधी नेहमी प्रत, हलवाहलवी नंतर.

दुसरी फाइल. आता एक्सकॉपीऐवजी रोबोकॉपी घेतली. मला वाटलं रोबोट, पण ते 'रोबस्ट फाइल कॉपी'चं लघुरूप आहे. विंडोज व्हिस्टापासून ती विंडोजमध्येच मिळते. मध्येच डिस्क अडखळली तर परत प्रयत्न करते. भाच्याने एक ताकीद दिली, "मामा, स्लॅश एमआयआर लावू नका. ती दोन्हीकडे आरसा करते, म्हणजे मुळात नसलेलं सगळं दुसरीकडून पुसून टाकते. उलटसुलट दिलंत तर मूळच रिकामं." मी ते कागदावर लाल शाईने लिहून भिंतीला चिकटवलं.

या वेळी प्रत्येक सापडलेल्या फोल्डरला अनुक्रमांक द्यायचा ठरवला. एक मोजणी ठेवायची, दर फोल्डरला एकाने वाढवायची, त्या आकड्याचा नवा फोल्डर करून त्यात प्रत. डोक्यात अगदी चोख होतं. चालवलं, आणि एकच फोल्डर झाला. त्याचं नाव शून्य. चौदाच्या चौदा परत एकाच बाकावर.

दोन रात्री गेल्या यात. शेवटी भाच्याने उलगडून सांगितलं. कंसात बंद केलेल्या ओळी संगणक आधी एका दमात वाचून घेतो. टक्क्याच्या खुणांमध्ये लिहिलेल्या मोजणीची किंमत तेव्हाच धरतो, म्हणजे शून्य. नंतर ती चौदापर्यंत वाढली तरी हा आपला शून्यच घेऊन बसतो. म्हणजे शाळा भरायच्या आधी रिकाम्या वर्गात हजेरी घ्यायची आणि दिवसभर 'उपस्थित शून्य' सांगत फिरायचं! त्यासाठी वर एक ओळ घालायची, 'किंमत उशिरा बघ' अशा अर्थाची, आणि टक्क्याऐवजी उद्गारचिन्हं वापरायची. उद्गारचिन्हांचा इतका उपयोग व्याकरणाच्या तासालाही कधी झाला नव्हता. शिवाय फोल्डरच्या पत्त्याभोवती दुहेरी अवतरणचिन्हं हवीतच, नाहीतर नावात मोकळी जागा आली की संगणक तिथेच नाव संपलं असं समजतो.

तिसऱ्या खेपेला शहाणपण आलं होतं. रोबोकॉपीला आधी स्लॅश एल लावला. मग ती करत काहीच नाही, काय करणार आहे त्याची नुसती यादी दाखवते. यादी वाचली, बरोबर वाटली, मग स्लॅश एल काढून चालवली. एक ते चौदा, चौदा फोल्डर. उभं राहून स्वतःच टाळ्या वाजवल्या. सौ. चहा घेऊन आली.

चौदा फोल्डरांत सहा वेगवेगळे श्रीनिवास होते. बाकीच्या त्यांच्याच प्रती. सगळे फोटो पाहिले. माझा श्रीनिवास दोन ठिकाणी होता, एकदा सहलीत आणि एकदा लेझीमच्या रांगेत. वडील कुठेच नाहीत.

वर्षश्राद्धाला आठ दिवस राहिले होते. मी फोन लावला. कसं सांगावं याची जुळवाजुळव करत "अरे, सगळं बघितलं, पण..." एवढं म्हटलं, आणि मागून त्याच्या आईचा आवाज आला, "सीनू, एवरू?"

मी पुढचं बोललोच नाही. विचारलं, "तुला घरी सीनू म्हणतात?"

"हो सर. लहानपणापासून. वडील पण सीनूच म्हणायचे."

फोन ठेवला. नावांच्या यादीत खाली ओळी घातल्या. सीनू एकदा 'आय'ने, एकदा दोन 'ई'ने. बॅच फायलीला हातही लावला नाही. यादी वेगळी ठेवण्याचा फायदा हाच. एंटर.

पंधरा नंबरचा फोल्डर आला. मूळ नाव 'सीनू बाकी'.

चित्रकलेच्या सरांची पद्धत मला तेव्हा आठवली. कॉपी मागितली, पण पैसे दिले नाहीत आणि नेलीही नाही, अशा लिफाफ्यावर ते नावापुढे 'बाकी' लिहायचे. मागायला कधी जायचे नाहीत. श्रीनिवासच्या वडिलांनी शाळेत येऊन सरांना कॉपी सांगितली होती. मुलाचं नाव विचारल्यावर तोंडात होतं तेच सांगितलं, सीनू. आणि मग परत आलेच नाहीत.

आत एकच फोटो. श्रीनिवासच्या हातात प्रमाणपत्र. मराठी निबंधाचं बक्षीस, आणि देणारा मीच! मला याची आठवणही नव्हती. शेजारी वडील, पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. फोटो मोठा करून पाहिला तर केसांवर पांढरी लव दिसते. पाळीवरून तसेच आले असणार. ते मुलाकडे बघतायत. मी माइकवाल्याकडे बघतोय.

खरं सांगायचं तर त्या माणसाशी मी उभ्या आयुष्यात चार वाक्यं बोललो असेन. पालकसभेला ते यायचे, दारात उभे राहून हात जोडायचे. त्यांचं मराठी तुटक, मला तेलुगू येत नाही. मी "मुलगा हुशार आहे, लक्ष द्या" म्हणून पुढच्या पालकाकडे वळायचो. वर्गात तर माझा नियमच होता, तेलुगू-कन्नड मधल्या सुट्टीत, वर्गात फक्त मराठी. बोललं की दहा पैसे दंड. मुलांच्या भल्यासाठीच, असं वाटायचं. त्यांचं मराठी सुधारलंही. पण तीन वर्षं वर्गात असलेल्या मुलाला घरी काय हाक मारतात, हे मला एकोणतीस वर्षांनी, एका फोटोपायी कळलं.

आता एक पेच पडला. फोटो श्रीनिवासला पाठवायचा, पण फोल्डरच्या नावासकट? 'बाकी' वाचून त्याला काय वाटेल? मी प्रतीचं नाव बदललं. छान देवनागरीत 'श्रीनिवास, वडिलांसोबत' असं केलं आणि पाठवून दिलं. त्याचा लगेच फोन आला. बोलता येत नव्हतं त्याला. आईने फोन घेतला, तेलुगूतच काहीतरी म्हणाली. मी "हो, हो" म्हणत राहिलो.

रात्री झोप लागेना. फोटो त्याचा, वडील त्याचे, आणि त्यावरची नोंद मी खोडली होती. सकाळी फोन करून सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, त्या वर्षी दोन-तीन महिने माग बंद होता. आम्हाला काय, घरी कळू दिलं नव्हतं. कॉपी सांगितली होती हे पण आईला माहीत नव्हतं." आणि मग, "नाव आहे तसंच राहू द्या सर."

तसंच ठेवलंय. हे लिहू का, असंही विचारलं. "लिहा की सर," म्हणाला.

वर्षश्राद्ध पार पडलं. काळी खिडकी मात्र मी बंद केली नाही. नावांच्या यादीतली सगळी रूपं काढून टाकली आणि फक्त 'बाकी' ठेवलं, पोरांनी जितक्या तऱ्हांनी लिहिलं असेल तितक्या तऱ्हांनी. स्लॅश एल लावून आधी यादी काढली. प्रती वगळून सदतीस फोल्डर आहेत.

सदतीस घरांतल्या कुणीतरी फोटो सांगितला होता आणि नेला नव्हता. नावं बरीचशी अशीच आहेत, घरातल्या हाकेची. हजेरीपटात ती मला सापडणार नाहीत. तेव्हा तुमच्यापैकी कुणी नव्वदच्या दशकात आमच्या शाळेत असाल, किंवा तुमच्या ओळखीत कुणी असेल, तर मला कळवा. शाळेतलं नाव नको. घरी काय म्हणायचे ते सांगा, बाकी शोधायचं काम माझ्याकडे लागलं.